संकेतस्थळाच्या पुनर्रचनेतील जुन्या दुव्यांचे जतन

जुन्या दुव्यांचे जतन म्हणजे एखाद्या संकेतस्थळाची पुनर्रचना करताना, ते नव्या प्रणालीवर नेताना किंवा त्याचे डोमेन बदलताना आधीच्या पानांचे पत्ते चालू ठेवण्याची, अथवा त्या पत्त्यांवर येणाऱ्या वाचकाला त्याच मजकुराच्या नव्या जागी पोहोचवण्याची व्यवस्था होय. अशी व्यवस्था न केल्यास जुने दुवे 'मृत' होतात आणि त्यांवर टिचकी मारणाऱ्याला पान सापडले नसल्याचा ४०४ क्रमांकाचा संदेश दिसतो. ही हानी संकेतस्थळाच्या मालकाला सहसा दिसत नाही. त्याचे नवे मुखपृष्ठ आणि आतली पाने व्यवस्थित उघडत असतात. तुटलेले असतात ते इतरांच्या लेखांतील, पुस्तकांतील, न्यायनिर्णयांतील, प्रबंधांतील आणि वाचकांच्या वाचनखुणांतील दुवे.

पार्श्वभूमी

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव मांडला. मजकूर एकमेकांशी जोडण्याच्या योजना त्याआधीही होत्या. टेड नेल्सन यांनी १९६० मध्ये सुरू केलेल्या झॅनाडू प्रकल्पात दुवा दुहेरी असावा, म्हणजे कोणी कोणाला जोडले आहे याची जाणीव दोन्ही टोकांना असावी, असा आग्रह होता. बर्नर्स-ली यांनी एकेरी दुवा पत्करला. त्यामुळे कोणालाही कोणत्याही पानाकडे, परवानगी न मागता आणि कोठेही नोंद न करता दुवा देता येऊ लागला. वेब जगभर वेगाने पसरण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

या सोयीची किंमतही त्याच रचनेत दडलेली आहे. दुवा देणाऱ्याला पान हलल्याचे कळत नाही आणि पान हलवणाऱ्याला आपल्याकडे कोण कोण दुवे देते याची पूर्ण यादी कधीच मिळत नाही. घर बदलणारा माणूस टपाल कार्यालयात नवा पत्ता कळवून ठेवतो, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेली पत्रे पुढे पाठवली जातात. वेबवर असे मध्यवर्ती टपाल कार्यालय नाही. पत्र पुढे पाठवण्याचे काम ज्याने घर बदलले त्यालाच, जुन्या घराच्या दारात उभे राहून, करावे लागते.

बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये 'कूल यूआरआय डोन्ट चेंज' या शीर्षकाचे एक छोटे टिपण वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केले. पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात, हा त्याचा गाभा होता. पत्त्यात लेखकाचे नाव, विषयाची वर्गवारी, 'मसुदा' किंवा 'ताजे' अशी स्थितिदर्शक विशेषणे आणि फाइलच्या प्रकाराचे शेपूट घालू नये, कारण कालांतराने बदलतात त्या नेमक्या याच गोष्टी, असा सल्ला त्यात होता. पान तयार झाल्याचा दिनांक मात्र पुढे कधी खोटा ठरत नाही, म्हणून तो पत्त्यात चालतो. याच विषयावरील नंतरच्या बहुतेक मार्गदर्शनाचे मूळ या टिपणात सापडते.

प्रश्नाची व्याप्ती

मृत दुव्यांचे मोजमाप अनेक अभ्यासांत झाले आहे. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. त्याच पाहणीत इंग्रजी विकिपीडियाच्या ५४ टक्के पानांवरील संदर्भांमध्ये किमान एक मृत दुवा आढळला.

कायद्याच्या क्षेत्रात या प्रश्नाचे गांभीर्य अधिक आहे. जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांच्या अभ्यासानुसार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांत दिलेल्या दुव्यांपैकी सुमारे निम्मे दुवे मूळ उद्धृत मजकुराकडे नेत नव्हते. हार्वर्डच्या विधिविषयक नियतकालिकांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक होते. न्यायनिर्णयाचा आधार काय होता हे तपासण्याची वाटच अशा ठिकाणी बंद होते. ब्रिटनमध्ये संसदेच्या कामकाजाचा अधिकृत वृत्तान्त असलेल्या 'हॅन्सार्ड'मधील १९९७ ते २००६ या काळातील दुवे तपासले असता सुमारे ६० टक्के दुवे तुटलेले आढळले. मंत्र्यांनी सभागृहात प्रश्नाला उत्तर देताना 'अमुक पत्त्यावर माहिती उपलब्ध आहे' असे सांगितलेले होते. त्या पत्त्यावर काहीच नसेल, तर दिलेले उत्तरच नाहीसे झाल्यासारखे होते.

सगळेच मृत दुवे पुनर्रचनेमुळे होत नाहीत. संस्था बंद पडते, डोमेनचे शुल्क भरायचे राहते, सेवा गुंडाळली जाते. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही सेवा बंद केली, तेव्हा सामान्य लोकांनी उभारलेली असंख्य पाने एकदम गेली. मात्र या प्रकारांत आणि पुनर्रचनेत एक महत्त्वाचा फरक आहे. पुनर्रचनेत संस्था जिवंत असते, मजकूरही बहुधा शिल्लक असतो, हरवतो तो फक्त त्याच्याकडे जाणारा रस्ता. म्हणजे हे नुकसान टाळता येण्याजोगे असते.

पत्ते का बदलतात

पुनर्रचनेत पत्ते बदलण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे आशय व्यवस्थापन प्रणालीतील बदल. प्रत्येक प्रणालीची पत्ता तयार करण्याची आपली रीत असते आणि जुन्या प्रणालीच्या अंतर्गत रचनेतील शब्द पत्त्यात उतरलेले असतात. मराठी विश्वकोशाच्या महाजालावरील नोंदींचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महाराष्ट्र शासनाच्या डोमेनवरील आधीच्या पत्त्यांत खंडाच्या क्रमांकाची फोल्डरे, 'इंडेक्स डॉट पीएचपी', 'कंपोनंट', 'कंटेंट', 'आर्टिकल' असे प्रणालीचे शब्द आणि शेवटी नोंदीचा क्रमांक अशी लांबलचक साखळी असे. नंतरच्या संकेतस्थळावर डोमेनच्या पुढे थेट एक क्रमांक येतो. दुसरी रीत अधिक टिकाऊ आहे, कारण त्यात प्रणालीविषयी काहीही सांगितलेले नाही. उद्या प्रणाली बदलली तरी तो क्रमांक तसाच ठेवता येईल. 'खंड' आणि 'नोंदीचे नाव' हा छापील विश्वकोशाचा संदर्भ मात्र या सर्व बदलांत अबाधित राहिला आहे.

दुसरे कारण डोमेनमधील बदल. भारतातील अनेक शासकीय संकेतस्थळे 'एनआयसी डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यांवरून 'जीओव्ही डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यांवर गेली. महाराष्ट्रातील जिल्ह्यांची संकेतस्थळेही त्यांत आहेत. खाजगी क्षेत्रात कंपनीचे नाव बदलणे किंवा दोन कंपन्यांचे विलीनीकरण यांमुळे असेच घडते.

काही बदल इतके बारीक असतात की ते बदल आहेत हेच ध्यानात येत नाही. विंडोजवर चालणाऱ्या सर्व्हरवर फाइलच्या नावातील रोमन अक्षरे मोठ्या लिपीत आहेत की लहान, याने सहसा फरक पडत नाही, लिनक्सवर पडतो. त्यामुळे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर फाइली जशाच्या तशा उचलून ठेवल्या तरी काही दुवे उघडत नाहीत. पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ असणे वा नसणे आणि डोमेनच्या आधीचा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' हे याच वर्गातले.

कार्यपद्धती

जुने दुवे जपण्याचे काम पुनर्रचनेच्या आरंभी हाती घ्यावे लागते. जुने संकेतस्थळ एकदा उतरवले की कोणते पत्ते अस्तित्वात होते हे शोधणेच अवघड होऊन बसते.

पहिली पायरी पत्त्यांच्या यादीची. संकेतस्थळाचा नकाशा किंवा विदागारातील पानांची सूची एवढ्यावर ही यादी भागत नाही, कारण त्यात आजची पानेच येतात. मागच्या पुनर्रचनेआधीचे पत्ते येत नाहीत. म्हणून सर्व्हरची नोंदवही, म्हणजे प्रत्यक्षात कोणकोणते पत्ते मागितले गेले याची आपोआप होत असलेली नोंद, सर्वांत मोलाची ठरते. त्याला शोधयंत्रांच्या अहवालांची आणि इंटरनेट अर्काइव्हमध्ये त्या डोमेनखाली साठवलेल्या पत्त्यांची जोड देतात. पीडीएफ दस्तऐवज, छायाचित्रे आणि वृत्तसंचाच्या फाइली यांचे पत्ते यादीतून हमखास सुटतात. शासकीय आणि शैक्षणिक संकेतस्थळांवर तर बाहेरून सर्वाधिक दुवे पीडीएफ फाइलींकडेच आलेले असतात: परिपत्रके, अहवाल, अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका.

यानंतर प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याचा नवा पत्ता लिहिलेला तक्ता तयार होतो. जेथे जुन्या-नव्या पत्त्यांत नियमित संबंध असतो, तेथे हजारो पानांसाठी एकच नियम पुरतो; उदाहरणार्थ, जुन्या पत्त्यातील लेखक्रमांक नव्या पत्त्यात तसाच येत असेल तर. जेथे असा संबंध नसतो तेथे माणसाने दोन्ही पाने पाहून जोडी लावावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, आणि अंदाजपत्रकात त्याला क्वचितच जागा मिळते.

तयार तक्ता सर्व्हरला दिला जातो. अपाचे, एनजिनएक्स यांसारख्या सर्व्हर प्रणालींत पुनर्निर्देशनाची सोय अंगभूत असते. वर्डप्रेस ही लोकप्रिय प्रणाली लेखाच्या पत्त्यातील नाव बदलल्यास जुने नाव लक्षात ठेवून वाचकाला नव्याकडे वळवते. विकिपीडियावर लेखाचे स्थानांतर केल्यावर जुन्या शीर्षकावर पुनर्निर्देशन मागे राहते, हाही याच तत्त्वाचा रोजच्या वापरातील नमुना आहे.

स्थितिसंकेत

ब्राउझरने पान मागितले की सर्व्हर उत्तरासोबत तीन अंकी स्थितिसंकेत पाठवतो. २०० म्हणजे पान मिळाले. ३०१ म्हणजे पान कायमचे हलवले आहे, आणि सोबत नवा पत्ता दिलेला असतो. ब्राउझर वाचकाला काही न विचारता तेथे नेतो आणि शोधयंत्रे आपल्या नोंदीत नवा पत्ता लिहून घेतात. ३०२ हे तात्पुरत्या बदलासाठी आहे. पुनर्रचनेत ३०२ वापरल्यास वाचकाला फरक जाणवत नाही, पण जुना पत्ताच खरा आहे असा संदेश यंत्रांना जातो. ३०८ हा संकेत ३०१ प्रमाणेच कायमचा बदल दर्शवतो, मात्र भरलेला अर्ज पाठवला जात असेल तर तो त्याच स्वरूपात पुढे पाठवण्याचे बंधन ब्राउझरवर घालतो.

मजकूर जाणीवपूर्वक काढून टाकला असेल तर ४१० हा संकेत आहे. ४०४ म्हणते की पान सापडले नाही. ४१० म्हणते की पान होते, आता नाही आणि ते परत येणार नाही. वाचकाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पहिल्या उत्तरात आपण पत्ता चुकीचा लिहिला की काय अशी शंका उरते, दुसऱ्यात ती उरत नाही.

प्रत्यक्षात एक सोपी पळवाट सर्रास वापरली जाते: सर्व जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे. त्यामुळे ४०४ ची संख्या अहवालात शून्य दिसते, पण वीस वर्षांपूर्वीचे एखादे परिपत्रक शोधत आलेला वाचक मुखपृष्ठावरील फिरत्या चित्रांसमोर येऊन उभा राहतो आणि ते परिपत्रक आहे की गेले, हे त्याला कधीच कळत नाही. प्रामाणिक ४०४ यापेक्षा बरे. गूगलसारखी शोधयंत्रेही अशा वळणांना बहुधा 'न सापडलेले पान' असेच धरतात.

पुनर्निर्देशनांची साखळी हा आणखी एक दोष. दर पुनर्रचनेत आधीच्या नियमांवर नवे नियम चढवले गेले, तर एक दुवा तीन-चार टप्पे घेत शेवटी पोहोचतो. मधला एक टप्पा निखळला की सर्व मागचे दुवे एकदम जातात. म्हणून प्रत्येक वेळी सर्वांत जुन्या पत्त्यांनाही थेट अंतिम पत्त्याकडे वळवून घेणे इष्ट ठरते.

पत्त्यातील '#' चिन्हानंतरचा भाग पानातील विशिष्ट परिच्छेदाकडे नेतो, पण तो ब्राउझर स्वतःजवळच ठेवतो; सर्व्हरला पाठवत नाही. त्यामुळे एका लांब पानाची नव्या संकेतस्थळावर दहा पाने केली, तर कोणता वाचक कोणत्या परिच्छेदासाठी आला होता हे सर्व्हरला ओळखता येत नाही. कायदे, नियमावल्या आणि कोश यांच्या बाबतीत ही अडचण वारंवार येते.

पुनर्निर्देशने किती काळ ठेवावीत, याबाबत गूगलचा सल्ला किमान एक वर्षाचा आहे. हा कालावधी शोधयंत्राच्या गरजेचा आहे. छापील पुस्तकातला किंवा प्रबंधातला पत्ता एका वर्षाने बदलून घेता येत नाही, त्यामुळे ग्रंथालये आणि अभिलेखागारे यांच्या दृष्टीने या व्यवस्थेला मुदत नसावी. तक्त्याची फाइल सांभाळण्याचा खर्च नगण्य असतो. जुन्या डोमेनचे वार्षिक शुल्क भरत राहणे हाच काय तो खर्च.

ब्रिटिश शासनाच्या संकेतस्थळांचे एकत्रीकरण

मोठ्या प्रमाणावर दुवे जपण्याचे ठळक उदाहरण म्हणून ब्रिटिश शासनाच्या 'गव्ह डॉट यूके' या संकेतस्थळाकडे पाहिले जाते. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झालेल्या या संकेतस्थळाने आधीच्या 'डायरेक्टगव्ह' आणि 'बिझनेस लिंक' या दोन मोठ्या संकेतस्थळांची जागा घेतली. पुढे सर्व मंत्रालये आणि २०१४ अखेरपर्यंत तीनशेहून अधिक शासकीय संस्था त्यात सामील झाल्या.

या संस्थांचे जुने पत्ते असंख्य होते आणि त्यांतील बराच मजकूर नव्या ठिकाणी आणायचाच नव्हता. त्यासाठी ठरवलेले धोरण थोडक्यात असे होते: प्रत्येक जुन्या पत्त्याचा निकाल लावायचा. मजकूर नव्या संकेतस्थळावर असेल तर ३०१ ने तेथे पाठवायचे. नसेल तर ४१० संकेत देऊन, मजकूर काढल्याचे सांगणारे पान दाखवायचे आणि त्या पानावर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या जालसंग्रहातील जुन्या प्रतीचा दुवा द्यायचा. जुन्या डोमेनांवर येणारी सर्व मागणी हाताळण्यासाठी 'बाउन्सर' नावाची स्वतंत्र प्रणाली लिहिली गेली. तक्ता भरण्याचे काम तंत्रज्ञांपुरते न ठेवता त्या त्या खात्यातील माणसांना तो स्वतः दुरुस्त करता येईल अशी साधनेही केली गेली. कोणत्या जुन्या परिपत्रकाची जागा कोणत्या नव्या पानाने घेतली, हे खात्यातील माणसालाच ठाऊक असते, हा त्यामागचा व्यवहारी विचार.

या कामाला आधीची एक पूर्वतयारीही लाभली होती. 'हॅन्सार्ड'मधील तुटलेल्या दुव्यांचा प्रश्न २००७ मध्ये उपस्थित झाल्यानंतर राष्ट्रीय अभिलेखागाराने शासकीय संकेतस्थळे नियमितपणे साठवण्याचा आणि पान न सापडल्यास वाचकाला साठवलेल्या प्रतीकडे वळवण्याचा उपक्रम हाती घेतला होता. म्हणजे पुनर्रचनेच्या वेळी जुन्या मजकुराच्या प्रती तयार होत्या. संग्रह आधी आणि पाडकाम नंतर, हा क्रम येथे पाळला गेला.

सर्ननेही स्वतःच्या इतिहासाबाबत असेच पाऊल उचलले. जगातील पहिले संकेतस्थळ ज्या पत्त्यावर होते, त्याच पत्त्यावर ते २०१३ मध्ये पुन्हा उपलब्ध करून देण्यात आले.

देवनागरी पत्ते

मराठी संकेतस्थळांना या सामान्य प्रश्नांखेरीज लिपीशी निगडित काही प्रश्न येतात.

युनिकोडपूर्व काळात अनेक मराठी संकेतस्थळे, विशेषतः वृत्तपत्रांची, स्वतःच्या विशिष्ट फाँटवर चालत. मजकूर साठवलेला असे रोमन अक्षरांच्या संकेतांत आणि तो फाँट लावल्यावरच तो देवनागरी दिसे. युनिकोडकडे वळताना जुना मजकूर रूपांतरित करणे हे वेगळे आणि खर्चिक काम होते. ज्या ठिकाणी ते झाले नाही, तेथे जुनी पाने नव्या संकेतस्थळावर आलीच नाहीत. जालसंग्रहात त्यांची प्रत असली तरी मूळ फाँट नसल्यास ती अर्थहीन चिन्हांसारखी दिसते आणि त्यातील शब्द शोधता येत नाही.

युनिकोडमधील देवनागरी पत्ता ब्राउझरच्या पट्टीत सुबक दिसतो, पण सर्व्हरकडे जाताना तो टक्केचिन्हांच्या संकेतांत बदलला जातो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि हलन्त तीन बाइटांचे असते आणि प्रत्येक बाइटासाठी तीन चिन्हे लागतात. म्हणजे 'मराठी' या शब्दातील पाच चिन्हांची ४५ आणि 'महाराष्ट्र' या शब्दातील दहा चिन्हांची ९० चिन्हे होतात. असा पत्ता छापताना किंवा निरोपातून पाठवताना मध्येच तुटण्याचा संभव असतो. त्यामुळे काही संकेतस्थळे पुनर्रचनेत देवनागरी पत्ते सोडून रोमन लिप्यंतर किंवा नुसता क्रमांक पत्करतात. तसे करण्यास हरकत नाही. पण जुने देवनागरी पत्ते तक्त्यात आले पाहिजेत.

याहून फसवा प्रश्न एकसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या साठवल्या जाणाऱ्या अक्षरांचा आहे. 'ऱ्हास', 'दऱ्या' या शब्दांतील अर्धा र तीन प्रकारे टंकित होऊ शकतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, र आणि नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. युनिकोडच्या प्रमाणीकरणात पहिले दोन प्रकार एकरूप होतात, तिसरा होत नाही. 'ॲ' या अक्षराचेही तसेच. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी ते अ आणि ॅ एकत्र करून, बहुधा मधे अदृश्य जोडचिन्ह घालून, लिहिले जाई. हे दोन 'ॲ' वाचकाला सारखेच दिसतात, पण प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत. परिणामी नव्या संकेतस्थळाने शीर्षके नव्या रीतीने पुन्हा टंकित केली आणि त्यांवरून पत्ते तयार केले, तर 'ॲ' असलेल्या प्रत्येक लेखाचा जुना दुवा तुटतो, आणि दोन्ही पत्ते शेजारी ठेवून पाहिले तरी डोळ्यांना फरक दिसत नाही. तक्ता तयार करताना पत्ते संकेतरूपात ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

स्थायी ओळखक्रमांक

पत्ता जागेचा असतो, मजकुराचा नसतो. यातून वाट काढण्यासाठी मजकुरालाच कायमचा क्रमांक देण्याच्या पद्धती निघाल्या. ओसीएलसी या ग्रंथालय-संस्थेने १९९५ मध्ये 'पर्ल' ही सेवा सुरू केली. तिचा पत्ता मध्यस्थाचा असतो आणि तो मूळ पानाच्या सध्याच्या जागेकडे वळवतो. जागा बदलली की मध्यस्थाकडील नोंद तेवढी बदलायची. २०१६ पासून ही सेवा इंटरनेट अर्काइव्हकडे आहे. संशोधन-लेखांसाठी वापरला जाणारा डीओआय क्रमांक याच तत्त्वावर चालतो आणि २०१२ मध्ये तो आयएसओचे मानक झाला.

या पद्धती क्रमांकामुळे टिकत नाहीत. नोंद अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते, म्हणून टिकतात. प्रकाशकाने जागा बदलून नोंद बदलली नाही, तर डीओआयचा दुवाही तुटतो.

महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांत अशीच एक पद्धत रुळलेली आहे. हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे, असे वाक्य निर्णयाच्या अखेरीस येते. वर्ष, महिना व दिवस यांनी सुरू होणारा हा लांब आकडा त्या निर्णयाची ओळख असतो. छापील प्रतीत संपूर्ण यूआरएल न देता संकेतांक दिल्यामुळे संकेतस्थळाची आतील रचना बदलली तरी निर्णय त्या आकड्यावरून शोधता येतो. शिक्षक, ग्रामसेवक किंवा वकील यांच्या पत्रव्यवहारात शासन निर्णयाचा हवाला देताना दिनांकाबरोबर हा संकेतांक लिहिणे म्हणूनच नुसता दुवा चिकटवण्यापेक्षा भरवशाचे.

जालसंग्रह

मूळ मालकाने दुवे जपले नाहीत, तर शेवटचा आधार जालसंग्रहांचा असतो. ब्रूस्टर काले यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली इंटरनेट अर्काइव्ह ही अमेरिकेतील ना-नफा संस्था वेबपानांच्या प्रती साठवते; २००१ पासून त्या वेबॅक मशीन या सेवेद्वारे सर्वांना पाहता येतात. विकिपीडियाच्या अनेक भाषिक आवृत्त्यांत स्वयंचलित सांगकामे मृत संदर्भदुव्यांना तेथील प्रती जोडतात. विधिक्षेत्रासाठी हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने 'पर्मा' ही सेवा विकसित केली; लेखक उद्धृत केलेल्या पानाची प्रत दुवा देतानाच तेथे साठवू शकतो.

जालसंग्रहाला मर्यादा आहेत. एकमेकांशी जोडलेली पाने त्याला सापडतात. शोधपेटीत नाव, गट क्रमांक किंवा वर्ष भरल्यावर दिसणारी माहिती त्याला बहुधा सापडत नाही. भूमी-अभिलेख, निकाल, मतदारयाद्या, ग्रंथालयाच्या सूची अशी लोकांच्या नित्य कामाची माहिती नेमकी याच प्रकारची असते. तिच्या बाबतीत मूळ मालकाने केलेल्या व्यवस्थेला पर्याय राहत नाही.

जतनाच्या मर्यादा

पत्ता चालू असला म्हणजे मजकूर तोच असेल असे नाही. पत्ता न बदलता आतील मजकूर बदलत जाण्याच्या प्रकाराला आशयाचे सरकणे म्हणतात. 'प्रवेशाचे नियम' या कायम पत्त्यावर दरवर्षी नवे नियम चढवले जात असतील, तर मागील वर्षाच्या नियमांचा हवाला देणारा दुवा उघडतो, पण भलतेच दाखवतो. वर्षनिहाय वेगळे पत्ते आणि 'चालू वर्ष' दाखवणारा एक स्थिर पत्ता अशी जोडव्यवस्था यावर उपाय ठरते.

काही मजकूर जपू नये असाही असतो. न्यायालयाच्या आदेशाने काढलेले पान, चुकून प्रसिद्ध झालेली लाभार्थ्यांची वैयक्तिक माहिती किंवा अल्पवयीनांची नावे यांचा जुना पत्ता पुनर्निर्देशनाने जिवंत ठेवणे अनुचित होय. ४१० चा उपयोग अशा ठिकाणी होतो.

सर्वांत मोठा धोका जुने डोमेन सोडून देण्यात आहे. डोमेनची मुदत संपली की ते कोणीही विकत घेऊ शकतो आणि त्याच्याकडे जाणारे सर्व जुने दुवे नव्या मालकाच्या हाती पडतात. जुगार किंवा जाहिरातींची संकेतस्थळे चालवणारे लोक विश्वासार्ह संस्थांची सोडलेली डोमेन मुद्दाम शोधतात, कारण त्यांच्याकडे येणारे दुवे आयतेच मिळतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०११ मध्ये निकाल लागलेल्या ब्राउन विरुद्ध एंटरटेनमेंट मर्चंट्स असोसिएशन या खटल्यात न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी आपल्या मतात एका संकेतस्थळाचा दुवा दिला होता. ते डोमेन पुढे सुटले आणि दुसऱ्याच कोणीतरी ते घेतले. निकालपत्रातील तो पत्ता उघडणाऱ्याला त्यानंतर, आपण हे पान सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयात उद्धृत केले नाही याचा आनंद माना, अशा आशयाची कोपरखळी मारणारे पान दिसू लागले.